उघाडीवरचा पहारा

"कुठेतरी पाणी मुरतंय" हे वाक्य माझ्या तोंडात लहानपणापासून आहे. वाणी जरा जास्त हसून बोलला, नणंदेनं न विचारता साडीचं कौतुक केलं, रद्दीवाल्यानं आपणहून काटा दाखवला, की मला ते वाटायचंच. आमचे हे म्हणायचे, तू देवाच्या प्रसादातसुद्धा आधी खडा शोधशील. शोधते. खडा निघाला तर दात माझाच पडणार असतो. आणि अशा मला नशिबानं घर दिलं ते नेमकं असं, की ज्याच्या मागच्या अंगणात पाणी मुरतच नव्हतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही गिरगावातल्या चाळीची एक खोली सोडून डोंबिवली पूर्वेला आलो. मानपाडा रस्त्यापासून आत, नव्या बिल्डिंगचा तळमजला. जागा दाखवणारा माणूस म्हणाला, वरच्यांना फक्त गॅलरी, तुम्हाला मागे अख्खं अंगण, बाग करा हवी तेवढी. मी विचारलं, एवढी बाग फुकट मिळते तर वरचे मजले आधी कसे विकले गेले? तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. उन्हाळा होता, जमीन फुटलेल्या टाचेसारखी भेगाळलेली होती आणि भेगांमध्ये गोगलगायींचे वाळलेले शंख अडकले होते. हे इथे कसे, असं विचारल्यावर तो म्हणाला, पोरं खेळायला आणतात. ह्यांनी तोवर मनातल्या मनात गुलाब लावूनही टाकले होते.

उत्तर पावसाळ्यात मिळालं. ती जागा म्हणजे मूळचं भाताचं खाचर. बिल्डिंग उभी राहिली तरी खाचराला ते कुणी कळवलं नव्हतं. पाणी येऊन बसायचं ते दसऱ्यापर्यंत उठायचं नाही. कंपाउंडच्या पलीकडे नाला, त्यात कारखान्यांचं पाणी, कधी गुलाबी तर कधी हिरवं. नाला भरला की अंगणातलं पाणी जायला वाट उरायची नाही आणि ते स्वयंपाकघराच्या दाराखालून आत यायचं. भिंती कमरेपर्यंत ओल्या. रंगाचे पोपडे भाताच्या पातेल्यात पडायचे.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मुलगी लहान होती आणि तिची छाती वाजायला लागली. झोपेत तिचा श्वास शिट्टी घालायचा आणि मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवून बसून राहायची. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सरळ सांगितलं, ओल काढा, नाहीतर जागा बदला. ह्यांनी लगेच जवळच्याच दिवा स्टेशनापाशी भाड्याची खोली बघितली, वरच्या मजल्यावरची, कोरडी. ही जागा येईल त्या भावाला विकून टाकायची असं त्यांनी ठरवलंच होतं. मी दिव्याला जाऊन आले. जिन्यात हंडे-कळशांची रांग लागली होती आणि बायका नळाकडे डोळे लावून बसल्या होत्या. इथे पाणी जात नाही, तिथे येत नाही. आगीतून निघून फुफाट्यात.

खरं सांगायचं तर मला ते घर सोडायचंच नव्हतं. मी चाळीत जन्मले, चाळीतच संसाराला लागले. नळ सामाईक, संडास सामाईक, भांडणंसुद्धा सामाईक. या घराच्या दाराला आयुष्यातली पहिली कडी होती जी फक्त माझी होती. मी हट्ट धरला. हे म्हणाले, "पुढचा एक पावसाळा बघू. तिची छाती पुन्हा वाजली तर मी तुझं ऐकणार नाही." ते क्वचित असं बोलायचे, म्हणून मला भीती वाटली.

मग सुरू झाले अंगणाचे प्रयोग. तेही स्वस्तातले, कारण घर घेऊन आम्ही रिकामे झालो होतो. आधी मोगरा आणि गुलाब लावले. ते कुजले. मग एक हातगाडी मुरूम टाकला, तो चिखलानं गिळला आणि ढेकरही दिली नाही. तेव्हा माझं लक्ष शेजारच्या अंगणाकडे गेलं. तळमजल्यावर दोनच घरं, मध्ये कमरेएवढी भिंत. पाऊस थांबला की त्यांचं अंगण आमच्याआधी मोकळं दिसायचं. मला वाटलं, झालं, कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते आमच्या अंगणात मुरवलं जातंय.

शेजारी ठाण्याच्या कोपरीकडचे, खाडीकाठच्या कोळ्यांपैकी. ते स्वतः कारखान्यात पाळीवर जायचे. मला वहिनी म्हणायचे, मी त्यांना भाऊ म्हणायची. तोंडावर गोड. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी मासेवाल्यांच्या शेजारी राहून पाण्याशी वैर मांडलं होतं. त्या दिवसांत डोंबिवलीत जुनी बैठी घरं पाडून बिल्डिंगा उठत होत्या. पाडलेल्या घरांच्या विटा-मातीला गाडीवाले रॅबिट म्हणायचे आणि ते कुठे टाकावं या चिंतेत असायचे. मी त्यांची चिंता मिटवली. दोन गाड्या रॅबिट आमच्या अंगणात ओतून घेतलं. अंगण उंच झालं, पाणी भाऊंच्या बाजूला गेलं, मी समाधानानं चहा प्याले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे गाडी आली.

मग मी. मग ते. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. गाडी आली की दुसऱ्या घराचं मागचं दार किलकिलं व्हायचं, एवढंच. शेवटी अंगणं एवढी चढली, की त्यात उभं राहिल्यावर स्वयंपाकघर खड्ड्यात दिसायला लागलं. आता पाणी दाराखालून चोरासारखं येत नव्हतं. उतारावरून हक्कानं येत होतं, दोघांच्याही घरात. पण थांबणार कोण? जो आधी थांबेल त्याच्या वाट्याला दुसऱ्याचं पाणी.

त्या सुमारास भाऊ एकदा भिंतीपाशी आले. कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, या भितीला उघारी ठेवूया. पानी जाईल न परत येनार नाय." त्यांच्या बोलीत ड चा र होतो, एवढं मला तोवर कळलं होतं. त्यांची मुलं घोड्याला घोरा म्हणायची. मी हुशारीनं हिशेब केला. उघारी म्हणजे उघडी. भिंत उघडी ठेवूया! आज विटा काढतील, उद्या त्या जागी दार येईल, परवा त्यांची सायकल आमच्या अंगणात. मी विचार करून सांगते म्हणाले, म्हणजे मनातल्या मनात नाही म्हणाले, आणि पहाऱ्याला बसले.

ते अधूनमधून कोपऱ्यात येऊन वीत टाकून काहीतरी मोजायचे, नाल्याकडे डोकवायचे, जायचे. पावसाळा तोंडावर आला आणि एका रविवारी छिन्नी-हातोडा घेऊन ते नाल्याकडच्या भिंतीवर ठोकायला लागले, जिथे त्यांची, आमची आणि कंपाउंडची अशा तीन भिंती मिळत होत्या तिथे. मी पदर खोचून बाहेर आले आणि विचारलं, भिंत उघडी कशासाठी करताय? ते म्हणाले, "उघरी नाय, वहिनी. उघारी." मी म्हटलं, तेच विचारतेय. ते म्हणाले, तेच सांगतंय. असं आमचं काही वेळ चाललं. आतून त्यांची बायको आली आणि माझ्या तोंडाकडे बघून तिला बहुतेक सगळं कळलं. तिनं सावकाश सांगितलं. खाडीच्या कडेला शेतं असतात, त्यांना बांध असतो, बांधाला एक तोंड असतं आणि त्या तोंडाला फळी. खाडीचं पाणी चढलं की फळी टाकायची, उतरलं की उचलायची, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं आत येत नाही. त्या तोंडाला म्हणतात उघाडी.

ह्यांना तो शब्द फार आवडला. दिवसभर म्हणत होते, बघ, आपल्याला उघाडी म्हणजे पावसाची उघडीप वाटली असती. मला शब्दाचं कौतुक नव्हतं. मी विचारलं, फळी उचलायची आणि टाकायची कुणी? भाऊ म्हणाले, ज्याला पाणी दिसेल त्यानं. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत कमी आवडलं ते हे उत्तर. जे सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, हे मी चाळीच्या सामाईक जिन्यावर शिकले होते. पण मुलीची छाती डोळ्यांसमोर होती. मी हो म्हटलं, आणि हो म्हणताना मनात ठरवलं की या माणसावर नजर ठेवायची.

ती ठेवायला कारणही लवकरच मिळालं. पहिली फळी फुगून खाचेत अडकली. दुसरी बसली, पण भाऊंचा हात सवयीनं भरती-ओहोटीच्या वेळा पाळायचा आणि नाल्याला तिथी कळत नव्हती. वर कुठे पाऊस झाला किंवा कारखान्यानं पाणी सोडलं, की नाला हवा तेव्हा चढायचा. एका दुपारी ओहोटीची वेळ म्हणून त्यांनी फळी उचलून ठेवली आणि दोन्ही अंगणांत हिरवं पाणी शिरलं. तेव्हापासून डोळ्यांनी बघूनच फळी हलवायची असं ठरलं, आणि बघण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

उघाडीमुळे अंगणं पुन्हा खाली उतरवावी लागली. फुकट आलेलं रॅबिट फुकट न्यायला मात्र कुणी तयार होईना. मग दोन्ही घरांनी मिळून ते अंगणातच रचलं. दोन लांब वरंबे केले, वर चांगली माती, मध्ये चर, आणि चरात विटांचे तुकडे, म्हणजे पाणी तुकड्यांमधून वाट काढत कोपऱ्यातल्या उघाडीकडे जाईल. वरंब्यावर मोगरा आणि अबोली. खाली, जिथे काही केल्या ओल हटत नव्हती, तिथे अळू, कर्दळ आणि दोन केळी. मी पहिल्यांदा पाण्याशी भांडणं सोडून त्याला काय आवडतं ते लावलं. पाणी शहाण्यासारखं वागायला लागलं, निदान माझ्या नजरेसमोर.

राहिली चालायची वाट. दारापासून उघाडीपर्यंत चिखलच होता आणि फरशीला पैसे नव्हते. भाऊंच्या बायकोच्या माहेराहून तिसऱ्यांचं कालवण करून उरलेल्या शिंपल्या आल्या, पोतंभर. मला आधी वासाचा संशय आला, मग मांजरांचा. तिनं त्या गच्चीवर इतके दिवस वाळवल्या, की वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार करायचं सोडून दिलं. मग दोन्ही अंगणांत त्या अंथरल्या. चिखलावर पांढरी वाट दिसायला लागली. पायाखाली ती करकर वाजायची, पापड मोडल्यासारखी.

त्या करकरीचा खरा उपयोग माझ्या लवकरच ध्यानात आला. पाऊस लागला की मी कणीक मळता मळता कान द्यायची. पलीकडे करकर वाजली, म्हणजे भाऊ उघाडीपाशी गेले. परतीची करकर वाजली की मी जायची आणि त्यांनी फळी नीट टाकली का ते बघायची. मी घरात परतले की पलीकडे पुन्हा करकर. म्हणजे मी हात लावलेली फळी बघायला ते पुन्हा आलेले असायचे! मला आधी संताप आला. मग वाटलं, ठीक आहे, माणूस माझ्यासारखाच आहे, निदान समजायला सोपा. त्यांची बायकोही तशीच निघाली. मी अळूची पानं दिली, तर खाजत नाहीत ना, असं तिनं दोनदा विचारलं आणि वर चिंचही दुप्पट घातली. तेव्हापासून ती मला आवडायला लागली. हे म्हणायचे, तुम्ही लोक बघून बघूनच ती फळी झिजवणार.

पण तो पावसाळा घर कोरडं राहिलं. भिंतीवरची ओल कमरेवरून गुडघ्यावर आली, मग घोट्यावर. मुलीचा श्वास शांत झाला. मी सवयीनं तिच्या बरगड्यांवर हात ठेवायची, तर ती झोपेत तो ढकलून द्यायची. दिव्याचं नाव घरात निघेनासं झालं.

अशी काही वर्षं गेली आणि आमचं बिघडलं. म्हणजे फार चांगलं झालं. माझी मुलगी त्यांच्या मुलाला राखी बांधायला लागली. नारळी पौर्णिमेला त्यांच्याकडून नारळीभात यायचा, संक्रांतीला आमच्याकडून गुळाच्या पोळ्या. एकदा मला ताप आला, तर त्यांच्या बायकोनं आमच्या तिघांचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत केला, मला न सांगता, माझे नखरे जाणून. एवढं झाल्यावर त्या माणसांच्या मागे मागे फळी तपासायला जाणं मला ओशाळवाणं वाटायला लागलं. हेही म्हणाले, माणसानं किती संशय घ्यावा याला काही सुमार आहे की नाही? मला पटलं. मी जायचं बंद केलं. पलीकडची करकरही कमी झाली होती, पण मी त्याचा वेगळा अर्थ काढला नाही. सासूबाईंच्या भाषेत सांगायचं तर त्या वर्षी मी माणसात आले.

त्याच वर्षी एका दुपारी घरात पाणी शिरलं. पाऊस कोसळत होता, मी मुलीचा अभ्यास घेत होते आणि मनात निर्धास्त होते, कारण भाऊंची पाळी सकाळची होती आणि ते घरी परत आले होते. आधी वास आला, कारखान्याचा, जिभेवर कडू लागणारा. मग दाराखालून काळं-हिरवं पाणी आलं आणि बघता बघता तांदळाच्या डब्याला टेकलं. मी छत्री न घेता कोपऱ्याकडे पळाले. फळी वर होती. नाला तोंड उघडं असल्यासारखा आत येत होता. मी ती खाली दाबली, अंगठा सोलला, पण घर तोवर भरलं होतं. मुलगी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती आणि मला तो आवाज ऐकू आला जो मी विसरले होते. तिची छाती वाजत होती.

ह्यांनी तिला पाठुंगळी घेतलं आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सुई दिली, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तिचे ओठ पुन्हा गुलाबी झाले तेव्हा हे मला म्हणाले, "दिव्याची खोली अजून मिळेल." माझ्या अंगात राग मावत नव्हता आणि तो कुणावर काढायचा हे मला पक्कं ठाऊक होतं.

घरी आले तशी भिंतीपाशी गेले. भाऊ घरातलं पाणी उपसत होते. मी म्हटलं, घरात होतात ना? मग फळी का टाकली नाहीत? त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता, मुलीचं त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, तुमी असताना मी कशाला बघू? तुमच्यावर इश्वास होता."

मी नेमकं तेच म्हणणार होते. आम्ही दोघं एकमेकांवर भरवसा ठेवून आपापल्या घरात सुखानं बसलो होतो आणि त्या सुखाच्या वाटेनं नाला आत आला होता. मला माझ्या सगळ्या जुन्या संशयाची आठवण झाली आणि हायसं वाटलं. संशयात आम्ही कधी बुडालो नव्हतो. मी म्हटलं, "उद्यापासून मी बघणार. तुम्ही टाकली म्हणून सांगितलंत तरी बघणार."

"बघा," ते म्हणाले. "मी पन बघनार."

ह्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं, की घर सोडायचं नाही आणि उघाडीला पुन्हा दोन वैरी मिळाले आहेत. ते काय समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊंची करकर वाजली, मग माझी, मग पुन्हा त्यांची. पोळ्या आणि नारळीभात चालूच राहिले. पण पाऊस लागला, की आम्ही एकमेकांना एका शब्दाचीही सवलत देत नव्हतो. त्यानंतर घरात पाणी शिरलं नाही. मुलगी त्याच घरातून दहावी झाली आणि कॉलेजसाठी रोज ठाण्याला जायला लागली, लोकल पकडायला धावत, आणि धावूनही तिला धाप लागायची नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा भाऊंचा कारखाना बंद पडला आणि त्यांनी कोपरीला भावाच्या घराजवळ जायचं ठरवलं. टेम्पो भरून झाला. त्यांच्या बायकोनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी जे रडायचं ते रडलो. भाऊ कुठे दिसेनात. एवढ्यात मागून करकर ऐकू आली.

मी मागे गेले. ते उघाडीपाशी वाकले होते. मी म्हटलं, भाऊ, सकाळीच खाच साफ केली आहे मी, फळी नीट बसते आहे. ते हो म्हणाले. मग त्यांनी फळी पूर्ण वर उचलली, खाचेत बोट फिरवून बघितलं, फळी खाली टाकली आणि पायानं दाबून बसली की नाही ते तपासलं. मला भरून आलं. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर मी पुन्हा मागे गेले, आणि त्यांनी फळी नीट टाकली आहे का ते बघितलं.